दवाखान्यात न गळणारी पिशवी

वजनाचा काटा चव्वेचाळीसवर थांबला. मी रंगनाथआबांना खाली उतरवलं, काटा शून्यावर आणला आणि त्यांना पुन्हा चढवलं. पुन्हा चव्वेचाळीस. तीन आठवड्यांपूर्वी ते अठ्ठेचाळीस होते, त्याच्या आधी बावन्न.

डॉक्टरांनी फाइल बंद केली.

"साळवे सिस्टर, आजचा डोस देता येणार नाही. या वजनावर केमो दिली तर आजार राहील बाजूला, औषधच जीव घेईल."

"मग सर?"

"तीन आठवडे थांबू. वजन वाढलं तर पुढचा डोस. नाही वाढलं तर..." त्यांनी आबांकडे एकदा बघितलं आणि वाक्य तिथंच सोडलं. "खायला लावा त्यांना."

मी जिल्ह्यातल्या एका रुग्णालयात सर्जिकल वॉर्डची स्टाफ नर्स. तेव्हा नोकरीला बावीस वर्षं झाली होती. रंगनाथआबा राजूरच्या अलीकडच्या एका खेड्यातले. वय बासष्ट. मोठ्या आतड्यात कॅन्सरची गाठ होऊन आतडं बंद पडलं, पोट फुगलं, तशा अवस्थेत त्यांना आमच्याकडे आणलं होतं. रातोरात ऑपरेशन झालं. गाठ काढली आणि आतड्याचं टोक पोटाच्या डाव्या बाजूला बाहेर आणलं. या तोंडाला आम्ही स्टोमा म्हणतो. लाल, ओलसर, ओठाच्या आतल्या भागासारखं दिसतं. हात लावला तर दुखत नाही. शौच तिथूनच होते, आणि तिच्यावर माणसाचा ताबा नसतो. म्हणून तिथं पिशवी लावायची. पिशवीच्या मागे चिकटणारी चकती असते, तिला स्टोमाच्या मापाचं भोक कापायचं, चकती कातडीला चिकटवायची. पिशवी भरली की रिकामी करायची, धुवायची. एवढंच. सांगायला एवढंच.

मी आबांना खुर्चीत बसवलं.

"आबा, उलटी होते का?"

"न्हाई."

"तोंड आलंय?"

"न्हाई."

"मग जेवत का नाही?"

"जेवतो की. आताबी जेवून आल्तो." हे ते समोरच्या भिंतीला सांगत होते.

पिशवी तपासली. व्यवस्थित लावलेली, कोरडी, कुठं ओल नाही. मला काही सापडलं नाही. पथ्याचा छापील कागद दिला आणि पुढच्या रुग्णाकडे वळले.

बाहेर नळावर त्यांच्या मंडळी सुभद्राबाई बाटली भरत होत्या. मला बघून त्यांनी पदर सावरला आणि इकडंतिकडं बघत हळू आवाजात बोलल्या.

"बाई, खातच न्हाईत ते. सकाळी अर्धी भाकर, तीबी म्या पुढ्यात बसले तर. सांजच्याला पाणी पिऊन पडतेत. म्हंतेत, खाल्लंच न्हाई तर पिशवीत येणार कुठून?"

"पण पिशवी तर चांगली बसलीय."

"इथं बसती. घरी रोज गळती. दिसातून तीनदा धोतर धुतेत, मला हात लावू देत न्हाईत. गोठ्यात बाज टाकलीय. दोन महिने झाले, घराच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं न्हाई."

"का?"

"आत देव हायेत."

मग त्यांनी सांगितलं ते असं. आबा गावच्या सप्त्याचे आचारी. सात दिवसांच्या पंगती, शेवटच्या दिवशी सगळ्या गावाचं जेवण, ते सगळं तीसेक वर्षं आबांच्या हातचं. लग्नाकार्यात कुणी बोलावलं तर जायचे नाहीत, फक्त देवाच्या कामाला. सकाळी अंघोळ करून, ओलं धोतर नेसूनच चुलीला हात लावायचा. दर चतुर्थीला चालत राजूरच्या गणपतीला जायचं. ऑपरेशन झाल्यापासून दोन्ही बंद. महिन्याभरावर सप्ता आला होता. मंडळाचे लोक विचारायला आले तेव्हा आबांनी हात दुखतात म्हणून सांगितलं. पिशवीबद्दल गावात कुणालाच माहीत नव्हतं.

"लेकालाबी नीट सांगितलं न्हाई," सुभद्राबाई म्हणाल्या. "बाई, ह्यो माणूस आजारानं मरना, पण असा उपाशी मरून जाईन."

त्या दिवशी दुपारी मी आबांची जुनी फाइल काढली. डिस्चार्जचा कागद सापडला. 'स्टोमाची काळजी रुग्ण व नातेवाइकांस समजावून सांगितली.' खाली माझी सही.

तो दिवस मला आठवत होता. ड्युटी संपायला दहा मिनिटं होती. मी एका जाड पुठ्ठ्याला गोल भोक पाडून आबांच्या हातात दिलं. "या मापानं चकती कापायची," म्हटलं. त्यांना पलंगावर झोपवून एकदा पिशवी लावून दाखवली, सही केली आणि पर्स घेऊन निघाले.

माझी बाजूही सांगते. त्याच्या थोडं आधी माझी आई गेली होती. चौदा महिने अंथरुणावर होती. घरी तिचं सगळं काढायचं, धुवायचं, आणि वॉर्डात येऊन पुन्हा तेच. आई रोज सकाळी बुद्धवंदना म्हणायची. अंथरुणावर पडल्यावरही म्हणायची, ओठ हलायचे नुसते. मीही लहानपणापासून म्हणत आले होते. ती गेल्यावर मी म्हणणं सोडलं. घाणीत हात घालून आयुष्य गेलं आणि शेवटी काय, असं वाटायचं. मेट्रनकडे, म्हणजे आमच्या वरिष्ठ परिचारिकेकडे, मी अर्ज दिला होता. लसीच्या स्टोअरला बदली द्या. तिथं सगळं थंड, बंद बाटल्यांत आणि बिनवासाचं.

"नक्की का?" मेट्रन म्हणाल्या होत्या. "स्टोमाचं ट्रेनिंग झालेल्या तुम्ही एकट्याच आहात."

"मॅडम, म्हणूनच," मी म्हटलं होतं.

तर अशा मनःस्थितीत मी ती सही बघत बसले. सुभद्राबाईंचं एक वाक्य डोक्यातून जात नव्हतं. इथं बसते, घरी गळते. तीच पिशवी, तोच माणूस, तेच पोट. दवाखान्यात न गळणारी पिशवी घरी का गळावी?

रविवारी माझी सुट्टी होती. पर्समध्ये दोन नव्या चकत्या, कात्री, पावडर, पेस्ट आणि कमरेचा पट्टा घेतला आणि राजूरच्या बसमध्ये बसले. फाट्यावर सुभद्राबाई आल्या होत्या. कपाशीची शेवटची वेचणी चालू होती. वाटेत कुणी विचारलं तर मी त्यांची भाची, असं आमचं ठरलं.

गोठा बघून मी दारातच थांबले. शेण सारून जमीन कोरडी केलेली. एका कोपऱ्यात बाज, बाजेखाली बादली, साबण, एका तारेवर दोन धोतरं. एवढं स्वच्छ काही मी आमच्या वॉर्डातही बघितलं नव्हतं. दोन बैलांच्या शेजारी आबा पाहुण्यासारखे बसले होते.

मला बघून ते उठले. "सिस्टर? तुमी काहून आल्या इतक्या लांब?"

"पिशवी बघायला."

"बराबर हाय ती."

"मग दाखवा."

ते बायकोकडे बघत राहिले. सुभद्राबाई बाहेर गेल्या. आबांनी सदरा वर केला. पोटाभोवती जुन्या लुगड्याची पट्टी करकचून बांधलेली. पट्टी सोडली तसा वास आला. चकतीची खालची कड सुटलेली होती.

"दवाखान्यात येताना काय करता?"

"नवी लावतो. अन् बसमदी उभा राहतो."

"उभे? फाट्यापासून दवाखान्यापर्यंत?"

"बसलं की गळती."

मी त्यांना म्हटलं, "आबा, भाजी चिरायला कसे बसता ते बसून दाखवा."

"विळी न्हाई इथं."

"विळी आहे असं समजा."

ते खाली बसले. एक पाय दुमडलेला, दुसरा गुडघा उभा, अंग पुढे झुकलेलं. तीस वर्षांची सवय होती, शरीर आपोआप तसं बसलं. आणि पोटाला घडी पडली. घडी बरोबर स्टोमाच्या खालून गेली आणि चकतीची कड पाकिटाच्या तोंडासारखी उघडली.

ठरवून ऑपरेशन असेल तर आम्ही आदल्या दिवशी रुग्णाला बसवतो, वाकवतो, घडी कुठं पडते ते बघतो आणि पेनानं खूण करतो. सर्जन त्या खुणेवर तोंड काढतात. आबांचं ऑपरेशन घाईचं होतं. खूण करायला वेळच नव्हता. तो कुणाचाच दोष नाही. पण नंतर बसवून बघायला मला वेळ होता.

चकती काढली. खालची कातडी लाल, सोललेली, जागोजागी ओली. आबांनी दात आवळले. एवढं दुखत असताना हा माणूस दिवसातून तीनदा साबण लावून ते धूत होता.

"तो पुठ्ठा कुठंय? मी दिलेला?"

त्यांनी बाजेच्या उशाखालून काढला. प्लास्टिकमध्ये नीट गुंडाळलेला. मी तो स्टोमावर धरला. भोक स्टोमाच्या जवळजवळ दुप्पट होतं.

ऑपरेशननंतर स्टोमाला सूज असते. सहा-आठ आठवड्यांत ती उतरते, तोंड लहान होतं. मग माप पुन्हा घ्यावं लागतं, नाहीतर मधली उघडी कातडी शौचेनं जळते आणि जळलेल्या ओल्या कातडीला चकती चिकटत नाही. हे स्टोमाच्या ट्रेनिंगमधलं अगदी साधं वाक्य. मी ते आबांना सांगितलंच नव्हतं. आणि आबा, माप म्हणजे माप मानणारा माणूस, दर वेळी पुठ्ठा ठेवून, पेनानं गोल काढून, तंतोतंत चुकीचं भोक कापत होते.

"आबा, चूक माझी आहे," मी म्हटलं.

"तुमी तर बराबर दाखवलं होतं."

"अर्धंच दाखवलं होतं. भोक लहान करत जायचं असतं. ते सांगायचं राहिलं."

बावीस वर्षांत रुग्णाला असं क्वचितच कधी सांगितलं असेल. आमच्याकडे कागद पूर्ण असला की चूक नसते.

आबांनी पुठ्ठा हातात घेऊन उलटसुलट केला. मग म्हणाले, "म्हंजे हे देवानं केलेलं न्हाई?"

"काय?"

"मला वाटलं, मह्या हातून काही चुकलं आसन. कवा पंगतीत कोणाला कमी वाढलं आसन, कोणाला हाकललं आसन. म्हणून देव मला चुलीपासून दूर करून राह्यला. रोज आठवत बसतो, सिस्टर. कोणाचं पान रिकामं राह्यलं होतं, ते."

"माप मोठं होतं, आबा. बाकी काही नाही."

त्यांनी मान खाली घातली. डोळे पुसले नाहीत, नुसते मिटले.

मग मी कामाला लागले. जखमेवर पावडर टाकून जास्तीची झटकली. नवं माप घेतलं, भोक कापलं. स्टोमाभोवती अगदी बारीक फट राहील एवढंच. घडीच्या खाचेत पेस्टची पट्टी भरली, भिंतीतली भेग लिंपतो तशी. आबांना झोपवलं नाही, उभं केलं, थोडं मागं झुकवलं, कातडी ताणून चकती लावली आणि त्यांचाच तळहात तिच्यावर दाबून ठेवायला सांगितला. उबेनं चकती नीट धरते. वरून पट्टा लावला. मग तेच सगळं त्यांच्याकडून एकदा करून घेतलं, दुसऱ्या चकतीवर, बोलत बोलत.

"आता जेवा," मी म्हटलं. "पोटभर. मग तासभर विळीवर बसा. गळते का बघू."

"विळीला हात लावायचा?"

"हो. स्वयंपाकघरात बसून."

"न्हाई." ते एकदम ताठ झाले. "ते जमणार न्हाई. सिस्टर, हा विटाळ हाय. अंगाला बांधलेला. ह्यो घेऊन देवाच्या घरात जाऊ? अन्नाला हात लावू?"

मी हात धुवत होते. धुवून झाले तरी धूत राहिले. मग बोलले.

"आबा, हा शब्द आमच्या घरात चांगला माहीत आहे. माझ्या आजोबांच्या हातचं पाणी गावात कुणी घेत नव्हतं. पंगतीत त्यांना लांब बसवायचे, वरून टाकायचे. त्यांचे हात स्वच्छ होते, आबा. तुमच्या-माझ्यापेक्षा स्वच्छ."

आबांना माझं आडनाव माहीत होतं. बैलानं मान हलवली तेवढा घुंगराचा आवाज झाला.

"तीस वर्षं पंगती केल्या," मी पुढे म्हटलं, "तेव्हा पोटात हे नव्हतं का?"

"होतं. पण दिसत न्हवतं."

"दिसत नव्हतं म्हणून देवाला माहीत नव्हतं?"

ते हळूच, जरा ओशाळून, हसले. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना बघितलं.

"तुमाला घाण वाटत न्हाई?" त्यांनी विचारलं. "खरं सांगा."

खोटं बोलणं सोपं होतं. नर्सनं "नाही" म्हणायचं असतं.

"वाटते," मी म्हटलं. "इतकी वाटते की बदलीचा अर्ज केलाय. लसीच्या बाटल्या मोजायला जाणारे."

"मंग आज सुट्टीच्या दिवशी काहून आल्या?"

सहीचं सांगता आलं असतं. चूक दुरुस्त करायला, असंही म्हणता आलं असतं. पण आल्यापासून दोन तास मी त्या वासात गुडघे टेकून बसले होते आणि आईच्या आजारानंतर पहिल्यांदाच मला घड्याळ बघावंसं वाटलं नव्हतं. हे कसं सांगायचं? मी म्हटलं, "आधी जेवा तुम्ही."

ते उठले. धोतर बदललं. हात-पाय धुतले. उंबऱ्याशी येऊन उभे राहिले. सुभद्राबाई चुलीपाशी होत्या, त्यांच्या हातातली भाकरी तव्यावर तशीच थांबली. आबांनी देवघराकडे बघून हात जोडले आणि आत आले. सुभद्राबाईंनी भाकरी उलटली, ती एका बाजूनं करपली होती.

दोन भाकरी, पिठलं, ठेचा. पहिले चार घास ते अडखळत जेवले, नंतर भूक लागलेल्या माणसासारखे. मग सुभद्राबाईंनी विळी पुढ्यात ठेवली आणि वांगी, बटाटे, कांदे ओतले.

आबा बसले. एक पाय दुमडून, गुडघा उभा करून. मी समोर भिंतीला टेकून बसले, डोळे त्यांच्या कमरेवर. पंधरा मिनिटं. अर्धा तास. वांग्याच्या एकसारख्या फोडी पाण्यात पडत होत्या. मध्येच ते थांबले, चेहरा बदलला.

"काय झालं?"

"भरून राह्यली."

पिशवी भरत होती. हाच तो क्षण, याच क्षणाला रोज कड सुटायची. आम्ही तिघं त्या सदऱ्याकडे बघत होतो. मी सदरा वर केला, चकतीच्या कडेवरून बोट फिरवलं. कोरडं.

"चिरा," मी म्हटलं.

तास झाला. मी पुन्हा बोट फिरवलं. कोरडं. आबा उठले, बाहेर जाऊन पिशवी रिकामी करून आले, साबणानं हात धुतले, दोनदा. आणि आत येऊन म्हणाले, "सरक तू चुलीपासून. कांदा जास्त चिरलाय तुमच्या नादात, मलाच निस्तरावा लागन."

ते बायकोला म्हणाले होते. सुभद्राबाई चुलीपुढून उठल्या आणि कोपऱ्यात जाऊन पदरात तोंड घालून रडल्या. ती भाजी मी खाल्ली. माझ्या पानात आबांनी स्वतः वाढली, दोनदा, नको म्हणताना.

तीन आठवड्यांनी काटा साडेसेहेचाळीसवर थांबला. डॉक्टर म्हणाले, "काय दिलंत सिस्टर?" मी म्हटलं, "कात्री, सर." त्यांना कळलं नाही. डोस चालू झाला.

सप्त्याचं मात्र सगळं गोड झालं असं नाही. आबांनी मंडळाच्या बैठकीत जाऊन स्वतः सांगितलं. सदरा वर करून पिशवी दाखवली. पुढच्या वेळी आले तेव्हा मी विचारलं, काय म्हणाले लोक?

"मंग एक जण म्हणला, आबा, नैवेद्याला दुसरा माणूस बघू. मी म्हणलं, बघा. पर मी चुलीपाशी राहणार."

"मग?"

"राह्यलो. सातबी दिवस. नैवेद्य दुसऱ्यानं केला, पंगत म्या केली."

"जेवले सगळे?"

"दोन घरं आली न्हाईत." हे सांगताना आवाजात राग नव्हता. "बाकी गाव जेवलं. त्या दोन घरांचे डबे सुभद्रा देऊन आली. एका घरानं घेतला, एका घरानं परत पाठवला."

"वाईट वाटलं?"

"वाटलं की." मग म्हणाले, "पण तुमच्या आजोबांची याद आली. ते कसं सोसत आसतीन, ते पयल्यांदा कळलं. इतकी वर्षं वाढत होतो, कळलं न्हवतं."

माझा बदलीचा अर्ज महिन्याभरानं परत आला. एका रकान्यात सही राहिली होती, ती करून पुन्हा पाठवा, असा शेरा. मी तो कपाटात ठेवला. सही केली नाही. मेट्रननी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही. सकाळी मी वंदना म्हणायला लागले, उभ्या उभ्या, डबा भरताना. आईसारखी बसून नाही जमत अजून.

आबांचे सगळे डोस पूर्ण झाले. आता सहा महिन्यांनी तपासणीला येतात. मधल्या काळात आमच्याकडे एक शिक्षिका आली, वय पस्तीसच्या आत. तिनं ऑपरेशननंतर चार दिवस पोटाकडे बघितलंच नव्हतं. ड्रेसिंग करताना चादर तोंडावर ओढून घ्यायची. मी बोलले, डॉक्टर बोलले, उपयोग नाही. मग मी आबांना फोन लावला. ते दुसऱ्या दिवशी आले. बसमध्ये बसून आले, हे त्यांनी मला मुद्दाम सांगितलं. तिच्या पलंगाजवळ स्टूल ओढलं आणि चादरीशीच बोलू लागले.

"पोरी, तुला वांग्याची भाजी आवडती का?"

चादर तोंडावर तशीच.

"आवडत आसन तर खा. वारा जरा जास्त होतो, पिशवी फुगती, पण काही हरकत न्हाई. म्या गावासमोर फुगवून बसतो."

चादर हलली. ती हसत होती की रडत होती, मला दिसलं नाही. पण दुपारी तिनं स्वतः आरसा मागितला.

नव्या सिस्टर वॉर्डात आल्या की मी त्यांना स्टोमा शिकवते. पुस्तकातलं सगळं सांगते, माप दर आठवड्याला पुन्हा घ्यायला लावते. आणि रुग्णाला पलंगावरून खाली उतरवून आधी जमिनीवर बसवायला लावते. तो घरी जसा बसतो तसा, भाकरी थापायला, शेंगा फोडायला, नमाजाला, पूजेला, जशी ज्याची सवय. नव्या मुली कुरकुरतात, वेळ जातो म्हणतात. वेळ जातोच. पण झोपलेल्या माणसाचं पोट वेगळं असतं आणि बसलेल्या माणसाचं वेगळं, आणि आम्ही दवाखान्यात बहुतेक वेळा झोपलेलंच तपासतो.